कंपनीच्या वाहनाचा अपघात (भारतीय कायदा)

कंपनीच्या वाहनाचा अपघात म्हणजे नियोक्त्याच्या मालकीचे किंवा नियोक्त्याने भाडेपट्ट्याने घेतलेले वाहन कर्मचारी चालवत असताना झालेला अपघात होय. अशा एकाच घटनेतून भारतीय कायद्यानुसार चार स्वतंत्र प्रकारची जबाबदारी उद्भवू शकते : चालकाची फौजदारी जबाबदारी, अपघातग्रस्तांना भरपाई देण्याची दिवाणी जबाबदारी, विमा कंपनीची करारजन्य जबाबदारी आणि नोकरीच्या संबंधातील शिस्तविषयक जबाबदारी. या चारही बाबींचे निकष, पुराव्याचे मापदंड आणि निर्णय देणारी यंत्रणा वेगवेगळी आहे. त्यामुळे फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटलेला चालक नोकरीतून बडतर्फ होऊ शकतो. तसेच फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेल्या चालकाने केलेल्या अपघाताची भरपाई त्याच्या नियोक्त्याला किंवा विमा कंपनीला द्यावी लागते.

पार्श्वभूमी

भारतात मोटार वाहनांविषयीचा पहिला केंद्रीय कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली आणि त्रयस्थ पक्षाच्या विम्याची सक्ती याच अधिनियमाने आणली. सध्याचा मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील दंडाच्या रकमा वाढवण्यात आल्या. विमा व भरपाई यांविषयीच्या दुरुस्त तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या.

फौजदारी बाजूस १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ आली. कामगार कायद्यांच्या क्षेत्रात वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या विषयांवरील चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. मात्र प्रस्तुत विषयाशी संबंधित अनेक तरतुदी जुन्या अधिनियमांतून जवळजवळ त्याच शब्दांत संहितांमध्ये आल्या असल्याने जुन्या कायद्यांखालील न्यायनिर्णयांचे महत्त्व टिकून आहे.

अपघातानंतरची वैधानिक कर्तव्ये

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार अपघातात कोणी जखमी झाल्यास चालकाने त्याला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न करणे आणि आवश्यक तर जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात नेणे बंधनकारक आहे. जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या नियंत्रणाबाहेरील कारणामुळे हे शक्य नसेल, तर त्यास अपवाद केला आहे. घटनास्थळी पोलीस उपस्थित नसतील तर चालकाने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात खबर द्यावी लागते. विमा कंपनीलाही अपघाताची लेखी माहिती द्यावी लागते. जमावाच्या भीतीने घटनास्थळ सोडणे आणि खबरच न देणे या दोन गोष्टी कायद्याने भिन्न मानल्या आहेत. पहिलीला सबब असू शकते; दुसरी हा स्वतंत्र गुन्हा असून कलम १८७ नुसार त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वाहनाच्या मालकावर, म्हणजे येथे कंपनीवर, कलम १३३ चे बंधन आहे. पोलिसांनी मागणी केल्यास अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते याची माहिती कंपनीने दिली पाहिजे. यासाठी वाहनाची फेरी, चालकाचे नाव आणि किलोमीटरची नोंद असलेली नोंदवही महत्त्वाचा पुरावा ठरते. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सादर करावयाचा असतो.

फौजदारी जबाबदारी

फौजदारी जबाबदारी वैयक्तिक असते. चालकाच्या बेदरकारपणाबद्दल त्याच्या नियोक्त्याला केवळ तो नियोक्ता आहे म्हणून शिक्षा होत नाही, आणि ‘साहेबांनी घाई करायला सांगितले’ ही चालकासाठी कायदेशीर सबब ठरत नाही.

भारतीय न्याय संहितेतील संबंधित तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

• कलम २८१ : सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन चालवणे. सहा महिन्यांपर्यंत कारावास, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• कलम १२५ : इतरांचे जीवित धोक्यात आणणारी कृती. दुखापत झाल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.
• कलम १०६, पोटकलम (१) : निष्काळजीपणामुळे मृत्यू. पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली ही मर्यादा दोन वर्षे होती.

कलम १०६ च्या पोटकलम (२) मध्ये मृत्यूस कारण झाल्यावर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटार चालकांनी या तरतुदीविरुद्ध देशभर आंदोलन केले. त्यानंतर केंद्र सरकारने १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना हे पोटकलम अमलात आणले नाही.

याखेरीज मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ खाली धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे आणि कलम १८५ खाली मद्यप्राशन करून वाहन चालवणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास कलम १८५ लागू होते. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. अनुज्ञप्ती निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही परवाना प्राधिकरणास आणि न्यायालयास आहे. वाहन चालवणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याच्या दृष्टीने अनुज्ञप्ती गमावणे हा परिणाम दंडापेक्षा अधिक गंभीर ठरतो.

मालमत्तेचे केवळ निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान हा ‘आगळीक’ या सदरात मोडणारा गुन्हा होत नाही, कारण त्यासाठी हेतू किंवा नुकसान होण्याच्या संभवाची जाणीव आवश्यक असते. म्हणून कंपनीची मोटार खांबावर आदळून मोडली, पण कोणालाही इजा झाली नाही, अशा प्रकरणात कंपनीने चालकाविरुद्ध मालमत्तेच्या नुकसानीची फौजदारी तक्रार केली तरी ती सहसा टिकत नाही.

दिवाणी जबाबदारी

प्रातिनिधिक दायित्वाचे तत्त्व

कर्मचाऱ्याने नोकरीच्या ओघात केलेल्या अपकृत्याबद्दल नियोक्ता जबाबदार असतो, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी इंग्लिश विधीतून स्वीकारले आहे. यासच प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. ज्याच्या फायद्यासाठी काम चालते त्यानेच त्या कामातून उद्भवणारा धोका सोसावा आणि अपघातग्रस्ताला भरपाई देऊ शकेल अशा पक्षाकडे दाद मागता यावी, ही त्यामागील भूमिका आहे. या तत्त्वामुळे चालकाची जबाबदारी संपत नाही. चालक आणि मालक दोघेही संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहतात.

हे तत्त्व शासनालाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान राज्याविरुद्धच्या १९६२ च्या निर्णयात स्पष्ट केले. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या वापरातील सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने एका पादचाऱ्याला धडक दिली होती आणि तो पुढे मरण पावला. सार्वभौम अधिकाराचा बचाव अमान्य करून न्यायालयाने राज्याला भरपाईसाठी जबाबदार धरले.

विदर्भाशी संबंधित असलेले रणजित जिनिंग ॲण्ड प्रेसिंग कंपनीचे प्रकरण (१९७७) हेही या विषयातील महत्त्वाचे प्रकरण आहे. १९६० मध्ये कंपनीचा व्यवस्थापक कंपनीच्या मोटारीने नागपूरहून पांढुर्ण्याकडे जात असताना मोटार रस्ता सोडून उजवीकडील झाडावर आदळली. मोटारीतील सहप्रवाशाच्या मृत्यूबद्दल वारसांनी दावा केला. अपघात कसा घडला हे सांगणारा साक्षीदार नव्हता. परंतु सुस्थितीतील वाहन रस्त्याच्या चुकीच्या बाजूस जाऊन झाडावर आदळते ही वस्तुस्थितीच निष्काळजीपणाचा पुरावा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठी निघाला होता आणि त्या ओघातच त्याने सहप्रवासी घेतला होता, म्हणून कंपनी जबाबदार ठरली. वस्तुस्थिती स्वतःच बोलते, असे हे पुराव्याचे तत्त्व पुढे शिस्तभंगाच्या चौकश्यांतही वापरले गेले.

‘नोकरीच्या ओघात’ची मर्यादा

नियोक्त्याचे दायित्व अमर्याद नाही. इंग्लंडमध्ये १८३४ मध्ये न्यायमूर्ती पार्क यांनी केलेला भेद आजही मूलभूत मानला जातो : नोकर मालकाच्या कामावर असताना थोडा आडवाटेला गेला तरी मालक जबाबदार राहतो, परंतु मालकाच्या कामाशी संबंध नसलेल्या, सर्वस्वी स्वतःच्या फेरीवर तो गेला असेल तर मालक जबाबदार राहत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये बहुमताने दिलेल्या एका निर्णयात, चालकाने मालकाची टॅक्सी सफाई कामगाराला वाहन चालवण्याच्या परीक्षेसाठी परस्पर दिली असता झालेल्या अपघाताबद्दल मालक जबाबदार नसल्याचे ठरवले. चालकाने केलेली ती कृती नोकरीच्या ओघातील नव्हती, असे बहुमताचे मत होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्या निर्णयात वेगळे मत नोंदवले होते.

सोपवलेले काम मनाई केलेल्या पद्धतीने करणे हे मात्र नोकरीच्या ओघातच मोडते. कंपनीने वेगमर्यादेचे परिपत्रक काढले होते आणि चालकाने ते मोडले, एवढ्यावरून कंपनी त्रयस्थ व्यक्तीच्या दाव्यातून मुक्त होत नाही. ते परिपत्रक नंतर शिस्तभंगाच्या कारवाईत उपयोगी पडू शकते.

भाडेपट्ट्याने घेतलेल्या वाहनाबाबत अधिनियमातील ‘मालक’ या शब्दाची व्याख्या लक्षात घ्यावी लागते. भाडे-खरेदी, भाडेपट्टा किंवा तारण कराराखालील वाहनाच्या बाबतीत ज्याच्या ताब्यात वाहन आहे त्याला मालक मानले जाते. त्यामुळे नोंदणी वित्तसंस्थेच्या नावे असली तरी जबाबदारी सामान्यतः वाहन वापरणाऱ्या कंपनीवर येते.

भरपाईची रक्कम

अपघातग्रस्त व्यक्ती किंवा मृताचे वारस कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात. दुरुस्त तरतुदीनुसार हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा आहे. निष्काळजीपणा सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूबद्दल ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये मागता येतात. कलम १६६ खालील भरपाई मात्र निश्चित नसून ती मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या यांवरून काढली जाते. दिल्ली परिवहन महामंडळाविषयीच्या २००९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वयोगटानुसार गुणक ठरवून दिले. १५ ते २५ वर्षे वयाच्या मृतासाठी गुणक १८ असून वयाबरोबर तो कमी होत ६५ वर्षांनंतर ५ वर येतो. न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध ९० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते.

विम्याचे स्थान

कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाच्या विम्याशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. विमा असल्यास भरपाई प्रत्यक्षात विमा कंपनी देते. तथापि चालकाकडे वैध अनुज्ञप्ती नसणे यांसारख्या अटीभंगाचा बचाव विमा कंपनीला उपलब्ध असतो. या बचावाची व्याप्ती न्यायालयांनी क्रमाने मर्यादित केली आहे.

स्कँडिया इन्शुरन्स कंपनीच्या प्रकरणात (१९८७) मालमोटारीचा चालक किल्ली तशीच ठेवून खाद्यपदार्थ आणण्यास गेला असता अनुज्ञप्ती नसलेल्या क्लीनरने वाहन हलवले आणि अपघात झाला. मालकाने स्वतः अट मोडलेली नाही, सबब विमा कंपनीने भरपाई द्यावी, असा निर्णय झाला. २००४ च्या नॅशनल इन्शुरन्स कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने ठरवले की, अटीभंग सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीवर आहे आणि तो सिद्ध झाला तरी कंपनीने आधी अपघातग्रस्ताला पैसे देऊन नंतर ते वाहनमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश देता येतो. ‘आधी द्या, मग वसूल करा’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. चालकाची अनुज्ञप्ती न तपासता त्याच्या हाती वाहन देणाऱ्या नियोक्त्यावर याच मार्गाने संपूर्ण भरपाईचा भार येऊ शकतो. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असणारी व्यक्ती ७,५०० किलोग्रॅमपर्यंत वजनाचे परिवहन वाहन चालवू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीसाठी वेगळे किंवा सर्वसमावेशक विमापत्र लागते. त्यातही प्रत्येक दाव्यातील काही सक्तीची रक्कम विमाधारकाला सोसावी लागते. खासगी मोटारींसाठी ती १,५०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनास २,००० रुपये आहे. दावा केल्यास पुढील हप्त्यातील विनादावा सवलतही जाते. ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असून सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. चालक मद्याच्या अमलाखाली असल्यास वाहनाच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. त्रयस्थ व्यक्तीच्या मालमत्तेच्या नुकसानीचे विमासंरक्षण मोटारींसाठी ७.५ लाख रुपयांपर्यंत असते. त्यापलीकडील रक्कम मालकाला द्यावी लागते.

वैयक्तिक अपघात संरक्षणाबाबत एक बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. ‘मालक-चालक’ या सदराखालील १५ लाख रुपयांचे संरक्षण व्यक्तीच्या नावे नोंदलेल्या वाहनालाच मिळते. वाहन कंपनीच्या नावे असल्यास ते लागू होत नाही. पगारी चालकासाठी नियोक्त्याला वेगळे जादा संरक्षण घ्यावे लागते.

कर्मचाऱ्याकडून वसुली

नुकसानीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करता येतो काय, हा या विषयातील सर्वाधिक वादाचा प्रश्न आहे. तात्त्विकदृष्ट्या, निष्काळजी कर्मचाऱ्याकडून प्रतिपूर्ती मागण्याचा हक्क नियोक्त्याला असतो. इंग्लंडमध्ये रॉमफर्ड आइस ॲण्ड कोल्ड स्टोरेज कंपनीच्या प्रकरणात (१९५७) हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी हा हक्क मान्य केला. त्या प्रकरणात मालमोटार मागे घेताना चालकाने स्वतःच्या वडिलांनाच जखमी केले होते. ते त्याच कंपनीत त्याचे साहाय्यक होते आणि वसुलीचा दावा वस्तुतः विमा कंपनीने चालवला होता. या निर्णयावर टीका झाल्यानंतर ब्रिटिश विमा कंपन्यांनी संगनमत किंवा हेतुपुरस्सर गैरवर्तन नसेल तर कर्मचाऱ्यांविरुद्ध असे दावे न करण्याचे आपसांत मान्य केले.

भारतात वेतनातून कपातीवर कायद्याचे स्पष्ट निर्बंध आहेत. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ आणि आता वेतन संहिता, २०१९ यांनुसार कर्मचाऱ्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेल्या वस्तूचे नुकसान झाल्यास वेतनकपात करता येते. परंतु त्यासाठी पुढील अटी आहेत :

• नुकसान कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे थेट झालेले असले पाहिजे.
• कपातीपूर्वी कर्मचाऱ्याला कारण दाखवण्याची संधी दिली पाहिजे.
• कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक असता कामा नये.
• एका वेतनकालावधीतील सर्व प्रकारच्या कपातींची बेरीज वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक होता कामा नये.

उदाहरणार्थ, २०,००० रुपये वेतन असलेल्या चालकाकडून ६०,००० रुपयांच्या नुकसानीची वसुली करावयाची असेल, तर एका महिन्यात सर्व कपाती मिळून १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम कापता येत नाही. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी याच मर्यादेत धरली जाते. विमा कंपनीने दुरुस्तीचा खर्च दिला असेल, तर तेवढ्या रकमेपुरते नियोक्त्याचे नुकसानच उरत नाही. अशा वेळी दुरुस्तीचे संपूर्ण देयक चालकाच्या नावे टाकणे दुहेरी वसुली ठरते.

दंड ही नुकसानभरपाईहून वेगळी बाब आहे. दंडाची एकूण रक्कम त्या कालावधीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, तो हप्त्यांनी वसूल करता येत नाही आणि लावल्यापासून ९० दिवसांनंतरही वसूल करता येत नाही.

रुजू होतानाच ‘अपघात झाल्यास संपूर्ण खर्च माझ्या पगारातून कापावा’ असे हमीपत्र लिहून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. वेतनावरील वैधानिक हक्क सोडून देणारा करार वेतन संहितेच्या कलम ६० नुसार तेवढ्यापुरता शून्य असतो. त्यामुळे अशा हमीपत्रावर सही केली असली तरी कारण दाखवण्याची संधी आणि ५० टक्क्यांची मर्यादा यांचे संरक्षण कायम राहते. नोकरी सोडणाऱ्या किंवा काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याचे थकित वेतन दोन कामाच्या दिवसांत देणे संहितेने बंधनकारक केले आहे; नुकसानीचा वाद प्रलंबित आहे या कारणाने ते अडवून ठेवता येत नाही.

शिस्तभंगाची कारवाई

गैरवर्तणूक आणि चूक

प्रत्येक अपघात म्हणजे गैरवर्तणूक नव्हे. औद्योगिक आस्थापनांसाठीच्या केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांत नियोक्त्याच्या मालमत्तेचे ‘हेतुपुरस्सर’ नुकसान आणि ‘सवयीचा’ निष्काळजीपणा यांचा गैरवर्तणुकीत समावेश होता. ही दोन्ही विशेषणे अर्थपूर्ण आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये एका सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात असे म्हटले की, कार्यक्षमतेचा अभाव किंवा निर्णयातील चूक ही आपोआप गैरवर्तणूक होत नाही. मात्र निष्काळजीपणाचे परिणाम फार गंभीर किंवा भरून न येणारे असतील तर तो गैरवर्तणूक ठरू शकतो. व्यवहारात मद्यप्राशन, अनुज्ञप्तीशिवाय वाहन चालवणे, परवानगीशिवाय खासगी कामासाठी वाहन नेणे, अपघात लपवणे आणि खोटी नोंद करणे या बाबी साध्या चुकीपेक्षा गंभीर मानल्या जातात.

चौकशी

आरोपपत्र, उत्तर देण्यास वाजवी मुदत, साक्षीदारांची उलटतपासणी, बचावाची संधी आणि कारणांसहित निष्कर्ष हे विभागीय चौकशीचे आवश्यक टप्पे आहेत. चौकशीच्या काळात कामगाराला निलंबित केल्यास पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो.

फौजदारी खटला आणि विभागीय चौकशी एकाच वेळी चालू शकतात, असे भारत गोल्ड माइन्सच्या प्रकरणात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दोन्ही एकाच वस्तुस्थितीवर आधारलेली असून गुंतागुंतीचे प्रश्न असतील तर चौकशी थांबवणे इष्ट ठरते. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत शक्यतांचा समतोल पुरेसा असतो. चोलन रोडवेजच्या प्रकरणात (२००५) बसचालकाच्या बडतर्फीचा विचार करताना न्यायालयाने विभागीय चौकशीला पुरावा अधिनियम काटेकोरपणे लागू होत नाही असे स्पष्ट केले. वस्तुस्थिती स्वतःच बोलते हे तत्त्व त्याने तेथेही लागू केले आणि बडतर्फी कायम ठेवली.

शिक्षेची प्रमाणबद्धता

चौकशी नियमानुसार झाली तरी शिक्षा आरोपाच्या प्रमाणात असावी लागते. बडतर्फ कामगाराच्या वादात शिक्षा कमी करण्याचा अधिकार १९७१ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ११-अ मध्ये आला आणि औद्योगिक संबंध संहितेतही तो ठेवण्यात आला आहे. महाराष्ट्रात कामगार संघांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीच्या १९७१ च्या अधिनियमाने, किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तणुकीबद्दल पूर्वीची सेवा विचारात न घेता धक्कादायक वाटावी इतकी विषम शिक्षा देणे ही नियोक्त्याची अनुचित प्रथा मानली आहे. त्यामुळे दीर्घकाळ निष्कलंक सेवा केलेल्या चालकाला किरकोळ धडकेबद्दल थेट बडतर्फ करणे टिकणे कठीण असते. व्यवस्थापक व अधिकारी सामान्यतः ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. त्यांचे हक्क मुख्यत्वे नियुक्तिपत्रातील अटींवर अवलंबून असतात.

शासकीय कर्मचाऱ्यांना वेगळे नियम आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार निष्काळजीपणामुळे शासनाला झालेल्या आर्थिक नुकसानीची वेतनातून पूर्ण किंवा अंशतः वसुली ही किरकोळ शिक्षांपैकी एक आहे.

उपदान व भविष्य निर्वाह निधी

कर्मचाऱ्याची हयगय किंवा हेतुपुरस्सर कसूर यांमुळे नियोक्त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि त्याच कारणास्तव सेवा समाप्त केली गेली, तर नुकसानीच्या मर्यादेपर्यंत उपदान जप्त करता येते, अशी तरतूद उपदान प्रदान अधिनियम, १९७२ च्या कलम ४(६) मध्ये होती. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. म्हणजे उपदान २ लाख रुपये आणि नुकसान ४०,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ४०,००० रुपये अडवता येतात. संपूर्ण उपदान जप्त करण्याचा अधिकार हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा मोजक्या प्रसंगीच आहे. सेवा समाप्त झालेली नसताना, किंवा ती अन्य कारणाने समाप्त झाली असताना, या तरतुदीचा आधार घेता येत नाही. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम तर नियोक्त्याच्या कोणत्याही देण्यापोटी वळती करता येत नाही.

चालक स्वतः जखमी झाल्यास

अपघातास चालक स्वतःच कारणीभूत असेल तर तो किंवा त्याचे वारस मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ खाली स्वतःच्याच निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागू शकत नाहीत. कामगार म्हणून मिळणारी भरपाई मात्र निष्काळजीपणावर अवलंबून नसते. कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ चे हे तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेनेही स्वीकारले आहे. अपघात नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात झाला एवढे सिद्ध करणे पुरेसे असते. मद्यप्राशन किंवा सुरक्षाविषयक आदेशाचे हेतुपुरस्सर उल्लंघन यांचा बचाव नियोक्त्याला मिळतो. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असल्यास तोही उपलब्ध नसतो.

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या घटकाने गुणून भरपाई काढली जाते. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला याऐवजी त्या योजनेचे लाभ मिळतात. दुसऱ्या वाहनाच्या चुकीमुळे चालक जखमी झाला असेल तर त्याला मोटार वाहन अधिनियम आणि कामगार भरपाईचा कायदा यांपैकी एकाची निवड करावी लागते. दोन्हींखाली भरपाई घेता येत नाही.

नियोक्त्याची स्वतःची कसूर

काही प्रकरणांत अपघाताचे मूळ नियोक्त्याच्या व्यवस्थेत असते. वाहनाची देखभाल न करणे, क्षमतेपेक्षा अधिक माल भरण्यास सांगणे किंवा चालकाला विश्रांती न देणे ही त्याची उदाहरणे होत. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ असे मर्यादित केले होते आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक केली होती. अनुज्ञप्ती नसलेल्या व्यक्तीस वाहन चालवू देणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८० खाली मालकाचा स्वतंत्र गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. विम्याशिवाय वाहन चालवू देणे हाही कलम १९६ खाली गुन्हा आहे. गुन्हा कंपनीने केला असल्यास कलम १९९ नुसार त्या वेळी तिच्या कामकाजास जबाबदार असलेली व्यक्तीही दोषी धरली जाऊ शकते.

अशा बाबींचा पुरावा चालकाच्या शिस्तभंग चौकशीत बचाव म्हणून आणि शिक्षा कमी करण्याचे कारण म्हणून महत्त्वाचा ठरतो. ब्रेक किंवा टायरविषयी केलेल्या लेखी तक्रारी, फेऱ्यांचे वेळापत्रक आणि हजेरीपत्रक या कागदपत्रांवरून चालकाची हयगय कोठे संपते आणि व्यवस्थेची कसूर कोठे सुरू होते हे ठरवता येते.

हे सुद्धा पहा

• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• मोटार अपघात दावा न्यायाधिकरण
• प्रातिनिधिक दायित्व
• भारतीय न्याय संहिता
• वेतन संहिता, २०१९
• उपदान
• कर्मचारी राज्य विमा योजना